बुतो की बुटोह?

प्रश्न : जपानी प्रयोगशील नृत्याबद्दल वाचताना बुटोह, बुतोह, बुतो अशी तीन रूपं दिसतात. बरोबर कोणतं? आणि ‘अंधारनृत्य’ हे त्याचंच नाव का?

— ‘बुतो’ लिहा. जपानीत मूर्धन्य ट नाही. शेवटचा ‘ह’ रोमन स्पेलिंगमधून घुसलाय. ओ लांबवायचा, एवढंच तो सांगतो. म्हणून या नृत्यातले मोठे नर्तक ‘काझुओ ओहनो’ही नको, ‘ओनो’. आणि या नृत्याचा प्रवर्तक तात्सुमी हिजिकाता, ‘हिजिकाटा’ नव्हे.

— ‘बु’ म्हणजे नाच, ‘तो’ म्हणजे पाय आपटणं, तुडवणं. शब्द जुनाच, ‘बुतोकाई’ म्हणजे पाश्चात्त्य धाटणीचा बॉलनृत्याचा समारंभ! हिजिकातानं आधी ‘आंकोकु बुयो’ म्हटलं होतं. ‘बुयो’ हा नृत्यासाठी रुळलेला शब्द (‘निहोन बुयो’ म्हणजे पारंपरिक जपानी नृत्य, त्यातला). १९६०च्या दशकात त्या जागी ‘बुतो’ आला. ‘आंकोकु’ म्हणजे काळाकुट्ट अंधार, त्यावरून अंधारनृत्य. सुरुवात साधारणपणे मे १९५९मध्ये टोकियोत झालेल्या ‘किंजिकी’ या नृत्यप्रयोगापासून धरतात : हिजिकाता, काझुओंचा मुलगा योशितो ओनो आणि एक जिवंत कोंबडी. नाव लेखक युकिओ मिशिमाच्या कादंबरीवरून घेतलेलं.

— ‘जपानी तांडव’ असा अनुवाद चालेल का?

— अजिबात नाही. तांडवात आवेश आणि ताल आहे. इथे शरीर खाली ओढलं जातं. बुतोतली ‘गानिमाता’ ही उभं राहण्याची ढब घ्या. आपल्याकडे ‘फेंगडे पाय’ हा नेमका शब्द आहेच. गुडघे वाकलेले, भार तळपायाच्या बाहेरच्या कडेवर. तळवा सपाट टेकला की ती नुसती व्यायामाची बैठक होते.

— ‘बुतो-फु’चं भाषांतर ‘नृत्यलिपी’ करतात, तेही फसवं. ‘फु’ म्हणजे लिखित आराखडा हे खरं, पण हिजिकाताच्या वह्यांत पावलांच्या खुणांपेक्षा शब्द, प्रतिमा आणि चित्रांची कात्रणं जास्त. प्रसिद्ध उदाहरण किड्यांचं : एक किडा उजव्या हातावर, दुसरा मानेवरून पाठीकडे, असं करत अंगभर किडेच किडे. नर्तकानं खाज सुटल्याचा अभिनय केला की फसलंच. आधी जागा नेमकी जाणवायला हवी, हालचाल त्यातून येते. ‘प्रतिमा-टिपणं’ म्हटलं तर निदान दिशाभूल होत नाही.

— लिंग?

— नपुंसकलिंग. ‘नृत्य’ अध्याहृत आहे : ‘त्यांचं बुतो पाहिलं’. करणारा ‘बुतो नर्तक’. ‘बुतोकार’ कानाला खटकतं.