आधी बुटाचं टोक बघा
टी37 (शरीराची एक बाजू बाधित असलेल्या धावपटूंचा पॅरा गट) मधला मुलगा 100 मीटरच्या शेवटी अडखळतो, तर पायाची ताकद वाढवावी का, असं विचारलंय. घाई नको. त्याचा जुना बूट हातात घ्या. बाधित पायाच्या बुटाचं टोक झिजलंय? मग पंजा पुरेसा उचलला जात नाहीये. सेरेब्रल पाल्सीत (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा कमी होतो, त्या त्रासात) दमल्यावर पोटरी जास्त आखडते आणि टोक ट्रॅकला घासतं. 60 मीटरच्याच धावा द्या, मध्ये 4-5 मिनिटं पूर्ण विश्रांती. घासल्याचा आवाज आला की त्या दिवशी वेगाचं काम तिथेच थांबवा, अगदी मुलगा हट्टाला पेटला तरी! थंडीत वॉर्मअप जास्त वेळ करा. वर्गीकरणाला (खेळाडूचा गट ठरवणाऱ्या तपासणीला) जाताना बॅक्लोफेनसारखी स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी औषधं डोससकट लिहून न्या. भारताच्या प्रीती पालची 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमधली टी35 (सेरेब्रल पाल्सीसारख्या त्रासाचाच आणखी एक गट) 100 मीटर शर्यत त्याला जरूर दाखवा: 14.21 सेकंद, कांस्य.