झूमपेक्षा भिंग बघा

कॅमेरा कुठला घ्यावा, या धाग्यातल्या प्रश्नावर वर कुणीतरी ‘याच पैशात ३० पट झूमवाला मिळतो, तोच घ्या’ असं म्हटलंय. पक्षी टिपायचे असतील तर ठीक. पण प्रश्न विचारणाऱ्याला बेळगावच्या शिवजयंतीचे चित्ररथ टिपायचे आहेत, म्हणजे रात्रभर हलणारी माणसं नि अर्धवट उजेड. तिथं झूम काय चाटायचाय? झूम ताणला की भिंगाचं छिद्र बारीक होतं, उजेड घटतो, नि फोटो हलतो. छिद्राचं माप ‘एफ’नं सांगतात, आकडा लहान तेवढं छिद्र मोठं; एफ/२ ला एफ/४ च्या चौपट उजेड आत येतो. म्हणून जुना का असेना, कॅननचा एस९० (२००९) किंवा जमलं तर सोनीचा आरएक्स१०० (२०१२) बघा. दोन्हींत रॉ फाइल (सेन्सरनं टिपलेली कच्ची माहिती, नंतर फोटो सुधारायला सोपी) मिळते, फक्त झूम न करता वापरायचे.

जुना घेताना एक मात्र कराच. छिद्र एफ/८ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, नि तिथंच मोठा करून बघा. मी न बघता घेतला, आणि बेळगावजवळच्या राजहंसगडावरच्या प्रत्येक फोटोत आभाळाला एकाच जागी तीन काळे ठिपके! सेन्सरवर, म्हणजे आतल्या उजेड टिपणाऱ्या चिपवर, धूळ होती. या कॅमेऱ्यांचं भिंग निघत नाही, त्यामुळं अख्खा खोलल्याशिवाय ती पुसता येत नाही.