प्रोसेसर जाहीर झाला, पण माल कुठाय?

अर्धाबाइट
ऑफिसातल्या चाळीस मशीन बदलायच्या आहेत. कोटेशन मंजूर होऊन नऊ आठवडे झाले आणि पुरवठादाराचं उत्तर ठरलेलं: "सर, वरूनच येत नाहीये." दर सोमवारी तेच. परवा त्याने मी न मागितलेला, एक पायरी वरचा प्रोसेसर सुचवला. तो म्हणे लगेच मिळेल!

प्रश्न भाबडा वाटेल, पण विचारतो. इंटेल आणि एएमडी एकमेकांच्या उरावर बसलेत, मग दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणं त्यांना परवडतं कसं? आणि हे नक्की कशामुळे होतं? नवीन चिप रखडते म्हणून, की कारखाने कमी पडतात म्हणून?

टांगा पलटी
महागडा आहे आणि साधा नाही, यातच उत्तर आलं की. मुद्दाम करतात.

जुना सॉकेट
मुद्दाम म्हणवत नाही, पण तुमचा राग समजू शकतो. खरेदी खात्यात बावीस वर्षं काढली, त्यातलं एक अख्खं वर्ष "वरूनच येत नाहीये" ऐकण्यात गेलं. अर्धाबाइट, तुमची दोन कारणं खरं तर एकाच दुखण्याची आहेत.

२०१८ घ्या. इंटेलची १० नॅनोमीटर प्रक्रिया (चिप घडवायची पद्धत, आकडा लहान तितकी नक्षी बारीक) तोवर चांगलीच मागे पडली होती. एका उडीत ट्रान्झिस्टरची (चिपवरच्या सूक्ष्म स्विचांची) दाटी २.७ पट करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं, तेही जुन्याच १९३ नॅनोमीटरच्या प्रकाशाने. इतक्या बारीक रेघा त्या प्रकाशाने एका दमात उमटत नाहीत, एकाच थराची नक्षी अनेक टप्प्यांत काढावी लागते. प्रत्येक टप्पा म्हणजे चिप बिघडायची आणखी एक संधी. त्या वर्षी १० नॅनोमीटरचा एक प्रोसेसर बाजारात आला, आय३-८१२१यू. दोन कोअर (प्रोसेसरच्या आतले प्रत्यक्ष काम करणारे भाग), आतलं ग्राफिक्स बंद. इंटेलने तो स्वतःच्या एका छोट्या डेस्कटॉपमध्ये बसवला, तेव्हा ग्राफिक्ससाठी शेजारी लावलेली चिप एएमडीची होती. (हे वाचून मी जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसलो होतो.)

आता तुटवड्याकडे या. १० रखडलं, म्हणून जे तिकडे सरकायचं ते सगळं १४ नॅनोमीटरच्या लाइनवरच बसून राहिलं. त्यातच २०१७ मध्ये एएमडीने आठ कोअरचा रायझन प्रोसेसर आणला होता. साध्या डेस्कटॉपला वर्षानुवर्षं चार कोअर देणाऱ्या इंटेलला सहा द्यावे लागले, मग आठ, आणि तेही १४ वरच. कोअर वाढले की चिप मोठी होते, वेफर (चिप जिच्यावर घडतात ती सिलिकॉनची चकती) मात्र तेवढाच, ३०० मिलिमीटरचा. मग निघणाऱ्या चिप कमी. २०१८च्या आयफोनमधले इंटेलचे मोडेमही त्याच रांगेत. स्पर्धेने माल वाढवला नाही, उलट आटवला!

सप्टेंबरमध्ये बॉब स्वान यांनी (तेव्हा इंटेलचे हंगामी सीईओ) जाहीर पत्र काढलं. सर्व्हरचे झिऑन प्रोसेसर आणि 'कोअर' नावाची प्रोसेसर मालिका आधी पुरवणार. म्हणजे कात्री लागली ती खालच्या मालाला, आणि माझी ऑर्डर नेमकी त्यातलीच. साठ कॅबिनेट, रॅम, पॉवर सप्लाय, सगळं येऊन पडलं. खोका उघडून पाहिला तर बोर्डच्या सॉकेटवर (प्रोसेसर बसतो त्या खाचेवर) काळं प्लास्टिकचं झाकण जसंच्या तसं. ती झाकणं चार महिने निघाली नाहीत.

टांगा पलटी
इंटेलचे कारखाने स्वतःचे, त्यांचं समजलं. एएमडी दुसऱ्याकडून बनवून घेते. तिला कसली अडचण?

जुना सॉकेट
रांगेची. एएमडीने २००९ मध्ये आपले कारखाने वेगळे काढले, त्यांची ग्लोबलफाउंड्रीज झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये त्या कंपनीने ७ नॅनोमीटरचा नाद सोडला आणि एएमडीची त्या पिढीची सगळी भिस्त टीएसएमसी या तैवानच्या चिप बनवणाऱ्या कंपनीवर आली. मग २०२० चा नोव्हेंबर आठवा. रायझन ५००० आला, त्याच महिन्यात प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्सही. तिन्हींतले प्रोसेसर एएमडीचे आणि तिन्हींचा मुख्य सिलिकॉन टीएसएमसीच्या ७ नॅनोमीटरवर. तिथे इंटेलशी भांडायला वेळ कुणाला, घरातच ओढाताण.

उलटा कपॅसिटर
मी बोर्ड दुरुस्त करतो, त्यामुळे मला खालची बाजू जास्त दिसते. प्रोसेसर हातात घेऊन बघा. वरचं धातूचं टोपण काढलं तर सिलिकॉन नखाएवढा. बाकी जी हिरवी पाटी दिसते ती सबस्ट्रेट, सिलिकॉनच्या बारीक टोकांपासून सॉकेटच्या पिनांपर्यंत तारा पसरवणारी. तिच्या थरांमध्ये एक इन्सुलेटिंग फिल्म असते, आणि ती मुख्यत्वे बनवते अजिनोमोटो. हो, तीच पांढऱ्या पुडीवाली. २०२१ मध्ये या सबस्ट्रेटचाच तुटवडा पडला. सिलिकॉन तयार असला तरी पाटीशिवाय तो बसवणार कुठे? आणि पाटी दोघांनाही लागते.

अर्धाबाइट
अजिनोमोटो! हे मी साहेबांना सांगितलं तर थट्टा करतोय म्हणतील. बरं, या सोमवारी काय बोलू? वरचा घेऊन टाकू का?

जुना सॉकेट
आधी मागच्या पिढीचा आहे का विचारा. तुमच्या चाळीस मशीनवर काम टायपिंग-एक्सेलचंच असेल तर फरक कळणारही नाही. फक्त बोर्ड त्याला चालतो का, हे लेखी घ्या. आणि ऑर्डर बदलताय तर "उपलब्धतेनुसार" हा शब्द खोडून तारीख घाला. आमच्या ऑर्डरीत तो पान दोनवर, तळाशी होता. सही माझीच.