मदत हवी आहे: हॅम हॉकचं सूप खारट झालं, राजमा कडकच राहिला, दुसरा हॉक वाया घालवायचा नाहीये

नमस्कार मंडळी,

मैत्रिणीने दोन स्मोक्ड हॅम हॉक आणून दिले होते. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: हॉक म्हणजे डुकराच्या पायाचा खुराच्या वरचा, सांध्याजवळचा भाग. मांस बेताचं, हाड, कातडी आणि स्नायूबंध मात्र भरपूर. एकाचं गेल्या रविवारी मोठं पातेलंभर सूप केलं आणि ते पार बिघडलं. दुसरा फ्रीजरमध्ये आहे.

शनिवारी घरी आठ माणसं जेवायला आहेत. त्यात माझे बाबा. मोठ्या आजारपणानंतर त्यांची अन्नावरची वासनाच उडाली होती. परवा आपणहून म्हणाले, "ते दाट मांसाचं सूप कर, पोटभर होईल असं." कित्येक महिन्यांत त्यांनी काही मागून खाल्लेलं नाही. त्यामुळे हे सूप मला नीट जमवायचंच आहे.

रविवारी काय झालं ते सांगते. सूप इतकं खारट की दुसरा चमचा घेववेना. चिकनचे दोरे दोरे झाले, बीफ चामट, हॉकची कातडी रबरासारखी. राजमा दोन तास शिजूनही दाताखाली कचकन लागत होता. रंग गढूळ, वर तेलकट तवंग. चुकलं कुठे, ते कुणी समजावून सांगेल का?

प्रतिसाद १

काही गोष्टी कळल्या तर नेमकं सांगता येईल. हॉकचं वजन किती होतं? नुसता स्मोक्ड होता की मिठात मुरवलेलाही? पाणी किती घातलंत, मीठ कधी घातलंत? टोमॅटो होता का? आणि सूप उकळत कसं होतं, खळखळून की नुसते बुडबुडे येत होते?

धागाकर्ती

वजन साधारण ९०० ग्रॅम. वेष्टनावर मिठात मुरवून धुरी दिल्याचं लिहिलं होतं, ते मी आज वाचलं. पाणी ३ लिटर. बीफ शँकचे (पायाच्या मांसाचे) दोन तुकडे, चिकनच्या चार मांड्या, तीन सॉसेज, सहा तास भिजवलेला पांढरा राजमा, टोमॅटोचा एक डबा, गाजर, कांदा, सेलरी. सगळं एकदमच पातेल्यात घातलं. अर्ध्या तासाने चव घेतली तर आळणी लागलं, म्हणून दोन चमचे मीठ घातलं. वेळ कमी होता म्हणून आच मोठीच ठेवली होती.

प्रतिसाद २

ताई, तुमच्या या उत्तरातच सगळं आलंय. एकेक घेऊ.

मीठ. मुरवलेल्या हॉकच्या आत खोलवर मीठ असतं आणि ते तासन्तास हळूहळू पाण्यात उतरत राहतं. अर्ध्या तासाला सूप आळणीच लागणार. तिसऱ्या तासाला तेच खारट होतं, कारण मीठ उतरत असतं आणि पाणी आटत असतं. म्हणून हॉकच्या सूपमध्ये मीठ अगदी शेवटी, गॅस बंद करायच्या आधी चव घेऊन. बरेचदा घालावंच लागत नाही.

आच. हॉकमध्ये कोलॅजन खूप असतं. तेच सांध्याभोवती आणि कातडीखाली चिवट लागतं. ते साधारण ७० अंशांच्या पुढे हळूहळू विरघळून जिलेटिन बनतं आणि त्यानेच रस्सा अंगाचा होतो, ओठांना किंचित चिकटतो. पण याला वेळच द्यावा लागतो, आच वाढवून घाई होत नाही. खळखळून उकळलं की मांसाचे धागे आवळले जाऊन आतला रस पिळून निघतो, आणि सुटलेली चरबी पाण्यात घुसळली जाऊन सूप गढूळ होतं. तुमचं बीफ चामट झालं ते याच घाईने. पाण्यावर दर क्षणाला एखाद-दुसरा बुडबुडा यावा, बस. झाकण थोडं तिरकं ठेवा.

क्रम. ही चूक बहुतेक सगळे पहिल्यांदा करतात. हॉक आणि बीफ शँक यांना अडीच ते तीन तास लागतात. हाडासकट चिकनच्या मांडीला पस्तीस-चाळीस मिनिटं पुरतात. मग दोन तासांत तिचे दोरे होणारच. सॉसेज आधी तव्यावर सगळीकडून लालसर परतून शेवटच्या वीस मिनिटांत घाला. बीफही आधी परतून घ्या. चांगलं कोरडं पुसून, मोठ्या आचेवर, एका वेळी थोडेच तुकडे घेऊन. पातेल्याच्या बुडाला जे खरपूस चिकटतं ते पाण्याने सोडवून सूपमध्येच जाऊ द्या, अर्धी चव तिथे असते.

राजमा. आंबट पाण्यात कडधान्याची सालं मऊ पडत नाहीत. टोमॅटो पहिल्यापासून होता, म्हणून राजमा तसाच राहिला. राजमा वेगळा शिजवा, पूर्ण मऊ झाल्यावर शेवटच्या अर्ध्या तासात सूपमध्ये घाला आणि टोमॅटो त्याच्याही नंतर. भिजवताना मात्र एक लिटर पाण्याला सपाट मोठा चमचाभर मीठ घाला आणि रात्रभर ठेवा. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ होते. नंतर ते पाणी टाकून राजमा धुवायचा. जुना साठवणीतला राजमा असेल तर तो कशानेच नीट शिजत नाही, ताजा आणा.

एक गोष्ट आवर्जून: स्लो कुकर वापरत असाल तर कच्चा राजमा थेट त्यात टाकू नका. त्यात लेक्टिन नावाचं एक प्रथिन असतं, त्याने उलट्या-जुलाब होतात. किमान १० मिनिटं खळखळून उकळल्यावरच ते निकामी होतं आणि स्लो कुकर तेवढा तापेलच असं नाही. लाल राजम्यात ते सगळ्यात जास्त, पण पांढऱ्यालाही हाच नियम लावा.

आणि शनिवारच्या हॉकला आधी रात्रभर गार पाण्यात, फ्रीजमध्ये भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला. सकाळी नव्या गार पाण्यात ठेवून उकळी आणा, पाच मिनिटांनी ते पाणी ओतून द्या.

प्रतिसाद ३

वरच्या बहुतेक गोष्टींना अनुमोदन, पण शेवटच्या मुद्द्याला नाही. रात्रभर भिजवायचं, पाणी बदलायचं आणि वर उकळून तेही पाणी टाकायचं, यात मिठाबरोबर धुराचा वासही निघून जातो. मग स्मोक्ड हॉक घेतला कशाला? मी एकदा असंच केलं होतं. सूप छान दिसत होतं आणि चव गरम पाण्याची.

माझी पद्धत अशी: रात्रभर भिजवायचं. सकाळी नव्या पाण्यात उकळी आणून त्या पाण्याचा चमचाभर घोट चाखायचा. तोंड वेडंवाकडं झालं तर ओतून द्यायचं. नुसतं चवदार खारट लागलं तर तेच पाणी पुढे सूपला वापरायचं, फक्त झाऱ्याने फेस काढून. प्रत्येक हॉकमध्ये मीठ वेगळं असतं, त्यामुळे ठरलेला नियम लावण्यापेक्षा चाखणं बरं.

रविवारचं सूप उरलं असेल तर त्यात बटाटा टाकून मीठ शोषून घ्यायच्या भानगडीत पडू नका. बटाटा मिठासकट पाणी पितो, उरलेल्या सूपचा खारटपणा आहे तेवढाच राहतो. त्यात बिनमिठाचं पाणी, वेगळी शिजवलेली आळणी डाळ किंवा भाज्या घालून दुप्पट करा, एवढा एकच उपाय आहे.

आणखी एक. बाबांना आजारपणानंतर मिठाचं काही पथ्य सांगितलंय का? असेल तर मुरवलेला हॉक कितीही भिजवला तरी सूप कमी मिठाचं होत नाही. तसं असेल तर बिनमुरवलेला, ताजा हॉक घ्या.

धागाकर्ती

किती नीट समजावलंत सगळ्यांनी. सगळं वहीत उतरवून घेतलं.

बाबांना मिठाचं पथ्य नाही, डॉक्टरांना आज फोन करून मुद्दाम विचारलं. वजन वाढू दे, प्रथिनं पोटात जाऊ देत, असंच ते म्हणाले. पण विचारलंत हे फार बरं केलंत.

अजून दोन शंका. रविवारी हॉक कापला तेव्हा आत हाडाजवळ मांस गुलाबीच होतं. ते कच्चं राहिलं होतं का? आणि प्रेशर कुकर चालेल का?

प्रतिसाद २

गुलाबी रंग कच्चेपणाचा नाही. मुरवण्याच्या मिठात नायट्राइट असतं. ते मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिनशी जोडलं जातं आणि मग शिजल्यावरही रंग गुलाबी राहतो. हॉक झालाय की नाही ते हाडावरून ओळखा. पायात दोन हाडं असतात, एक जाड, एक बारीक. बारीक हाड चिमट्यात धरून हलकेच ओढायचं. ते स्वच्छ, मांसाचा धागाही न लागता बाहेर सरकलं की हॉक तयार. अडकलं तर अजून अर्धा तास. चिकन आणि कच्च्या सॉसेजला मात्र रंगावर जाऊ नका, थर्मामीटर असेल तर आत ७४ अंश बघा.

कुकर चालतो. दाब धरल्यावर मंद आचेवर पन्नास मिनिटं ते तासभर, आणि दाब आपोआप उतरू द्यायचा. पण मध्ये चाखता येत नाही. तुम्हाला या वेळी मिठाचीच काळजी आहे, तेव्हा उघडं पातेलंच बरं.

प्रतिसाद ४

उशिरा आलो, पण एक सुचवतो. हे सूप शुक्रवारीच करा. एक तर ते दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, दुसरं म्हणजे रात्रभर फ्रीजमध्ये राहिलं की चरबीचा थर वर गोठतो आणि चमच्याने उचलून काढता येतो. तवंगाचा प्रश्न तिथेच मिटला.

फक्त गार करताना हयगय नको. पातेलंभर दाट सूप ओट्यावर ठेवलं तर रात्रभर कोमट राहतं, आणि मांसाच्या कोमट रश्श्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जंतू फार वेगाने वाढतो. याचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. दोन तासांत सूप ६० वरून २१ अंशांवर आलं पाहिजे आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांवर. त्यासाठी उथळ डब्यांत वाटून घ्या, डबे बर्फाच्या पाण्यात ठेवा, मधून मधून ढवळा. दुसऱ्या दिवशी पूर्ण उकळी आणूनच वाढा. चिकन आणि सॉसेज शुक्रवारी घालूच नका. शनिवारी गरम करताना घातलीत तर ताजी राहतील.

आणि हॉक आज रात्रीच फ्रीजरमधून फ्रीजमध्ये काढून ठेवा. एवढ्या आकाराचा गोळा सुटायला दिवसभर लागतो, मग उद्या रात्री भिजवता येईल.

धागाकर्ती (शुक्रवार, रात्री)

सांगितलंत तसंच केलं. उकळीच्या पाण्याचा घोट घेतला. खारट होतं, पण चवदार खारट. ओतलं नाही. भरपूर राखाडी फेस आला, तो दहा मिनिटं झाऱ्याने काढत राहिले. मग परतलेलं बीफ घातलं आणि आच इतकी बारीक केली की पुन्हा पुन्हा वाकून बघावं लागत होतं, गॅस चालू आहे ना म्हणून. दोन तासांनी भाज्या, तमालपत्र, मिरीचे दहा दाणे.

अडीच तासांनी बारीक हाड ओढलं तर अडकलं. तीन तासांनी पुन्हा चिमटा लावला आणि ते असं सुळकन हातात आलं, पांढरंस्वच्छ, की मी तिथेच उभी राहून मोठ्याने हसले. हॉकमधलं मांस बोटांनीच सुटलं. कातडी बारीक चिरून परत घातली, ती आता तोंडात विरघळते. राजमा वेगळा, मऊ लोण्यासारखा. मीठ एक कणही घातलं नाही. आता पाच उथळ डबे बर्फात आहेत.

धागाकर्ती (शनिवार, सकाळी)

डबा उघडला तर सूप जेलीसारखं थरथरतंय! डबा तिरका केला तरी सांडत नाही. हे बरोबर आहे ना? आणि वरून काढलेल्या चरबीचं काय करायचं?

प्रतिसाद २

बरोबर म्हणजे काय, यासाठीच तर तीन तास थांबलात. ते सगळं जिलेटिन आहे, तापलं की पुन्हा पातळ होईल. चरबी फेकू नका, धुराचा वास तिच्यात साठलेला असतो. आज सॉसेज त्यातल्याच चमचाभरात परता, बाकीची डबीत भरून फ्रीजरमध्ये.

धागाकर्ती

परतली. घरभर वास सुटलाय. चिकन आत्ता टाकलं, अजून अर्धा तास. पाहुणे यायचेत, पण बाबा दोनदा स्वयंपाकघरात येऊन झाकण उघडून बघून गेले, आणि आता तिथेच खुर्ची ओढून बसलेत.