लॅबला एकच लॉगिन: युजर दिसतो, आत जाता येत नाही

प्रश्न: सांगलीतल्या कॉलेजची लॅब, ४० मशिन, सगळीकडे उबुंटू. सर्व्हरवर ओपनएलडॅप (सगळ्या युजरची एकत्र यादी ठेवणारा प्रोग्राम), मशिनवर एसएसएसडी (त्या यादीवरून लॉगिन तपासणारा प्रोग्राम). आयडी कमांड युजर दाखवते, पण पासवर्ड चालत नाही. काय राहिलं?

उत्तर १: टीएलएस (कनेक्शन एन्क्रिप्ट करायची पद्धत) राहिलंय. एलडॅपच्या ३८९ पोर्टवर कनेक्शन उघडं, म्हणजे एन्क्रिप्ट न केलेलं असेल तर एसएसएसडी पासवर्ड पाठवतच नाही. स्टार्ट-टीएलएस (त्याच पोर्टवर टीएलएस सुरू करायची सोय) चालू करा आणि सीएची (सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर सही करणाऱ्याची) फाइल प्रत्येक मशिनवर टाका. सर्टिफिकेटवर सर्व्हरचं जे नाव, तेच सेटिंगमध्ये लिहा. तिथे आयपी टाकला की जुळत नाही.

उत्तर २: शिवाय पॅम-ऑथ-अपडेटमध्ये (लॉगिनच्या सेटिंगचं टूल) होम फोल्डर बनवायच्या पर्यायावर खूण करा, नाहीतर डेस्कटॉप लगेच बाहेर काढतो. युआयडी (युजरचा क्रमांक) १०००० पासून द्या. लोकल युजर १००० पासून असतात, त्यांच्याशी टक्कर नको.

प्रश्नकर्ता: सीएची फाइलच नव्हती. झालं लॉगिन, आभार!