अंगावर गांधी उठतात तेव्हा हिस्टामाइन बाहेर पडते कसे?

सागरवेळ: कोळंबी मी लहानपणापासून खात आले आहे, अलीकडे मात्र ती खाल्ल्यावर काही मिनिटांतच अंगावर लाल, खाजऱ्या गांधी उठतात. डॉक्टरांनी कोळंबी बंद करून सेटिरिझिन ही अ‍ॅलर्जीवरची गोळी दिली आणि हे हिस्टामाइनमुळे होते, असे सांगितले. इतक्या थोड्या वेळात शरीर ते तयार कसे करते, आणि गोळीने ते तयार होणे थांबते का?

अनामिक_वाचक: त्या क्षणी ते तयार करावे लागतच नाही. हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून बनलेले हिस्टामाइन त्वचेतील मास्ट पेशींच्या (या रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या पेशी) कणिकांमध्ये, म्हणजे आतल्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये, आधीपासून साठवलेले असते. (जर्मन वैज्ञानिक पॉल एर्लिख यांनी १८७८ साली या पेशी ओळखल्या त्या कणिकांच्या विशिष्ट रंगछटेवरून, हिस्टामाइनचा तेव्हा पत्ताही नव्हता.) आपल्या शरीराने कधीतरी कोळंबीतील प्रथिनाविरुद्ध, बहुधा ट्रोपोमायोसिनविरुद्ध, आयजीई प्रकारची प्रतिपिंडे (अँटिबॉडी) बनवली आणि ती मास्ट पेशींच्या पृष्ठभागावरील ग्राहकांवर (रिसेप्टरवर) जाऊन बसली. तेच प्रथिन पुन्हा रक्तावाटे त्वचेत पोहोचते, शेजारच्या प्रतिपिंडांना एकाच वेळी धरते, त्यामुळे ग्राहक एकत्र खेचले जातात, पेशीत कॅल्शियम शिरते, कणिकांची आवरणे पेशीपटलात मिसळतात आणि आतला साठा बाहेर पडतो. पेशी फुटत मात्र नाही. ती नंतर पुन्हा कणिका भरते.

पारिजात: गोळीबद्दल लिहितो. सेटिरिझिनचे मुख्य काम हिस्टामाइनचा स्राव थांबवणे हे नाही. ज्या एच-१ ग्राहकांना हिस्टामाइन चिकटते, तेथे ते त्याचा परिणाम होऊ देत नाही. सूक्ष्म रक्तवाहिन्यांवरील या ग्राहकांमुळे वाहिन्या रुंदावतात आणि त्यांतून द्रव पाझरून गांध फुगते, तर मज्जातंतूंवरील ग्राहकांमुळे खाज सुटते. एकदा पाझरलेला द्रव शोषला जाईपर्यंत गांध राहते, म्हणून खाज आधी शमल्याचे जाणवू शकते. मात्र आधी गोळी घेऊन कोळंबी खाण्याचा विचारही करू नये, कारण मास्ट पेशी ल्युकोट्राइनसारखी इतर द्रव्येही सोडतात. घसा आवळला, श्वास अडला किंवा चक्कर आली, तर लागते ते अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन आणि तातडीने रुग्णालय.

सागरवेळ: आभारी आहे. कुर्ल्या आणि बांगडाही सोडावा का?

अनामिक_वाचक: कुर्लीचे ट्रोपोमायोसिन कोळंबीच्या ट्रोपोमायोसिनशी बरेच मिळतेजुळते असते, त्यामुळे तपासणीपूर्वी ती खाऊ नये. माशांच्या अ‍ॅलर्जीला मुख्यतः पार्वाल्ब्युमिन हे वेगळे प्रथिन कारणीभूत असते. म्हणून बांगडा आपोआप वर्ज्य ठरत नाही, तरी डॉक्टरांना विचारावे. बांगड्याची गंमत मात्र निराळीच आहे: त्याच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असते, आणि तो बर्फाविना पडून राहिला, तर जिवाणू त्याचेच हिस्टामाइन करतात. ते शिजवूनही नष्ट होत नाही. असा बांगडा खाऊन चेहरा लाल होतो आणि अंग खाजते, तेव्हा हिस्टामाइन मास्ट पेशींतून नव्हे, थेट ताटातून आलेले असते. त्याला अ‍ॅलर्जी म्हणत नाहीत.