मदत हवी आहे: रॅबिटमधली कॅप्सूल गाभ्यातून नेमकी कधी सुटली, हे कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत न्यूट्रॉन सक्रियण विश्लेषणावर (नमुन्यावर न्यूट्रॉन मारून तो किरणोत्सारी करायचा आणि त्या किरणांवरून त्यात कोणतं मूलद्रव्य किती आहे ते मोजायचं) पीएचडी करतेय. आमच्या १ मेगावॅटच्या ट्रायगा जातीच्या अणुभट्टीच्या गाभ्यात नमुना कॅप्सूलमधून, म्हणजे छोट्या बंद डबीतून, पाठवून काही सेकंदांत डिटेक्टरसमोर परत आणणारी हवेच्या दाबावरची नळी, म्हणजे 'रॅबिट', नव्याने बांधायचं काम माझ्याकडे आलंय.

मला धान्यातलं सेलेनियम मोजायचंय. भट्टीत त्यापासून बनणाऱ्या किरणोत्सारी सेलेनियम-७५ वरून ते मोजता येतं, पण त्याचं अर्धायुष्य जवळपास १२० दिवस. तासन्‌तास भट्टीत ठेवा, मग कित्येक दिवस थांबा. तसंच बनणारं सेलेनियम-७७एम मात्र १७.४ सेकंदांत निम्मं होतं. २० सेकंद आत, २० सेकंद मोजणी, नमुना हातावेगळा. शेकडो नमुने मोजायचे तर मला हाच रस्ता दिसतो.

गाडी अडलीय वेळेवर. घड्याळ सुरू होतं व्हॉल्व्ह उघडल्यावर, आणि कॅप्सूल कधी ४ सेकंदांत येते, कधी ६. दर सेकंदाला ४ टक्के सिग्नल जातो, म्हणजे ८ टक्क्यांची चूक इथेच. फ्लोरीन-२० (११ सेकंद) मोजायचं म्हटलं तर विचारूच नका.

मोजणीच्या टोकाला प्रकाश-सेन्सर बसवलाय, तो छान चालतो. गाभ्यापाशी मात्र इलेक्ट्रॉनिक्स किंवा प्लास्टिक फायबर किरणोत्सारात टिकणार नाही. मला वाटतं, कॅप्सूल जागेवरून हलताच नळीतला दाब बदलतो, तोच वर बसवलेल्या दाब-सेन्सरने पकडावा. नळी १५ मीटरची आहे, दाबाची लाट वर यायला ०.०५ सेकंदही लागू नयेत. पण व्हॉल्व्हच्या धक्क्यातून ही खूण वेगळी काढता येते का? कोणी करून पाहिलंय?

दुसरं, कॅप्सूल वर येऊन जोरात आपटते. परवा एक पॉलिथिनची कॅप्सूल बघितली तर झाकणाच्या कडेला केसाएवढी चीर. आत ज्वारीचं पीठ होतं, सांडलं असतं तर सगळी नळी दूषित झाली असती. शेवटच्या मीटरभरात उलट दाब देऊन वेग कमी करावा, की फोमची गादी पुरेल?

हवेऐवजी नायट्रोजन वापरायचं ठरलंय, हवेतल्या आर्गॉनपासून भट्टीत बनणाऱ्या किरणोत्सारी आर्गॉन-४१ चा त्रास नको म्हणून.

ट्रॉम्ब्याच्या ध्रुव किंवा कल्पक्कमच्या कामिनी अणुभट्टीवर अशा नळीसोबत काम केलेलं कोणी इथे असेल तर कृपया लिहा. व्हॉल्व्हची जुळणी आणि दाबाचे आलेख प्रतिसादात टाकते.